नातवाचा ठराव

१८३१च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनिया राज्याचे विधिमंडळ रिचमंडला भरले, तेव्हा ऑल्बेमार्ल परगण्याचा ३९ वर्षांचा एक जमीनदार पहिल्यांदाच आमदार म्हणून सभागृहात येऊन बसला. अंगाने धिप्पाड, सहा फुटांहून बराच उंच. नाव थॉमस जेफरसन रँडॉल्फ. ज्या इमारतीत तो बसला होता तिचा आराखडा त्याच्या आजोबांनी, म्हणजे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी, फ्रान्समधल्या नीम गावच्या रोमन मंदिरावरून बेतला होता. वडील थॉमस मान रँडॉल्फ १८१९ ते १८२२ या काळात याच राज्याचे गव्हर्नर होते. सासरे विल्सन केरी निकोलस हेही त्याआधी गव्हर्नर झालेले. घराणेशाही आपल्या परिचयाची आहे, पण इतक्या पूर्वजांची सावली घेऊन पहिल्या दिवशी सभागृहात शिरणारा आमदार विरळाच.

त्या सावलीबरोबर कर्जही आले होते. १७९२ साली जन्मलेला हा मुलगा आजोबांच्या मॉन्टिचेलो या डोंगरावरच्या वाड्यात लहानाचा मोठा झाला आणि वयात आल्यावर त्यांच्या शेतीचा कारभार पाहू लागला. शेती तोट्याची होती. त्यात १८१८ साली जेफरसननी व्याही निकोलस यांच्या २०,००० डॉलरच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. पुढच्याच वर्षी देशभर मंदी आली, निकोलस बुडाले आणि ती रक्कम म्हाताऱ्या जामीनदाराच्या गळ्यात पडली. निकोलस १८२० साली जावयाच्याच घरी वारले. त्यांना मूठमातीही मॉन्टिचेलोच्याच कुटुंबाच्या दफनभूमीत मिळाली.

१८२६च्या आरंभी नातू रिचमंडला गेला, तो आमदारांची मनधरणी करायला. मालमत्तेची लॉटरी काढून कर्ज फेडण्याची परवानगी जेफरसनना हवी होती आणि त्यासाठी कायदाच करावा लागणार होता. कायदा झाला, पण त्यातून पैसा उभा राहिला नाही. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षे पूर्ण होत असताना, जेफरसन वारले. मागे १ लाख ७ हजार डॉलरहून अधिक कर्ज उरले आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी नातवाकडे आली.

पुढे विधानसभेत या माणसाने काय मांडले ते समजून घ्यायचे, तर १८२७च्या जानेवारीत त्याने काय केले ते आधी पाहावे लागते. शार्लट्सव्हिलच्या वृत्तपत्रात एक जाहिरात आली: जेफरसन यांच्या मालमत्तेपैकी १३० मौल्यवान निग्रो, गुरेढोरे, शेतीची अवजारे आणि घरातले सामान लिलावात विकले जाईल. खाली नातवाचे नाव होते. कडाक्याच्या थंडीत मॉन्टिचेलोच्या आवारात तो लिलाव झाला.

जेफरसननी मृत्युपत्रात फक्त पाच गुलामांना मुक्त केले होते. त्यांपैकी एक जो फॉसेट, लोहार. त्याची मुक्ती मालकाच्या मृत्यूनंतर वर्षाने लागू व्हायची होती आणि लिलाव सहाच महिन्यांत झाला. जोची बायको ईडिथ ही जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टनच्या त्यांच्या निवासात फ्रेंच स्वयंपाक शिकलेली आचारी होती. ती आणि तिची मुले वेगवेगळ्या मालकांना विकली गेली. मुलगा पीटर तेव्हा ११ वर्षांचा होता. हा पीटर पुढे सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि म्हातारपणी आपली कहाणी त्याने स्वतः सांगितली. रँडॉल्फने उतारवयात या लिलावाची आठवण लिहून ठेवली आहे. तीत तो या दृश्याची तुलना प्राचीन काळी जिंकलेल्या आणि सगळी माणसे गुलाम म्हणून विकलेल्या गावाशी करतो. त्याला वेदना झाली असेल यावर मी विश्वास ठेवतो. पण त्या दिवशी गाव जिंकणाऱ्याच्या जागी तोच उभा होता.

आजोबांची पत्रे चार खंडांत संपादित करून १८२९ साली त्याने प्रसिद्ध केली. या कामात आई आणि बहिणींचा मोठा वाटा होता. १८३१ साली मॉन्टिचेलोही विकले गेले. उरलेले कर्ज रँडॉल्फ पुढे कित्येक वर्षे आपल्या कमाईतून फेडत राहिला. १८३१ सालीच तो आमदार म्हणून निवडून आला.

आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आग्नेय टोकाला, साउथॅम्प्टन परगण्यात, नॅट टर्नर नावाच्या गुलाम धर्मोपदेशकाने बंड केले. दोन दिवसांत सुमारे ५५ गोरी माणसे, त्यात बायका आणि मुलेही, मारली गेली. सूड म्हणून गोऱ्या टोळ्यांनी बंडाशी संबंध नसलेल्या अनेक काळ्यांना ठार केले. टर्नर दोन महिने लपून राहिला. ३० ऑक्टोबरला पकडला गेला आणि ११ नोव्हेंबरला फासावर गेला. पण भीती गेली नाही. साउथॅम्प्टनपासून दूर असलेल्या ऑल्बेमार्लमध्ये रँडॉल्फची पत्नी जेन हिने बहिणीला लिहिलेल्या पत्रांतून ती भीती दिसते. आपण सगळे सोडून पश्चिमेकडे राहायला जाऊ, असे ती नवऱ्याला विनवत होती. त्या परगण्यात गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती. १८३०च्या जनगणनेनुसार राज्याच्या १२ लाखांवर लोकसंख्येत सुमारे ४ लाख ७० हजार गुलाम होते.

राज्याचे गव्हर्नर जॉन फ्लॉइड यांनी नोव्हेंबरात आपल्या रोजनिशीत लिहिले, की पद सोडण्याआधी गुलामगिरी क्रमाक्रमाने संपवणारा कायदा आपण करवून घेऊ, निदान ब्लू रिज डोंगरांच्या पश्चिमेपुरता तरी. डिसेंबरात विधिमंडळापुढे त्यांनी भाषण केले, तेव्हा यातला एक शब्दही उच्चारला नाही. विषय सभागृहात आणला तो सामान्य लोकांच्या अर्जांनी. क्वेकर पंथीयांचा एक अर्ज १४ डिसेंबरला विल्यम रोन या आमदाराने मांडला. स्वातंत्र्ययुद्धातला गाजलेला वक्ता पॅट्रिक हेन्री याचा हा नातू. ऑगस्टा परगण्यातल्या स्त्रियांनीही अर्ज पाठवला. मतदानाचा हक्क नसलेल्या या बायका विधिमंडळाला सांगत होत्या, की आमच्या घरांत आम्हाला झोप लागत नाही.

वर्ष संपता संपता रँडॉल्फला एक पत्र आले. पाठवणारा एडवर्ड कोल्स, ऑल्बेमार्लचाच. १८१४ साली तरुण कोल्सने जेफरसनना लिहिले होते, की गुलामगिरीविरुद्ध तुम्ही पुढाकार घ्या. जेफरसननी उत्तर दिले: हे काम तरुणांचे आहे, माझे आता वय झाले. कोल्स थांबला नाही. १८१९ साली त्याने आपल्या गुलामांना ओहायो नदीवरच्या नावेत मुक्त केल्याचे सांगितले आणि इलिनॉयमध्ये त्यांना जमिनी दिल्या. पुढे तो तिथला गव्हर्नर झाला आणि ते राज्य गुलामगिरीकडे झुकू नये म्हणून लढला. आता १७ वर्षांनी तो नातवाला लिहीत होता: आजोबांनी जे केले नाही ते तू कर.

जेफरसनचे उत्तर आणि कोल्सचे पत्र शेजारी ठेवून वाचले, तर या प्रकरणाचा गाभा हाती लागतो. व्हर्जिनियातली सुशिक्षित घराणी गुलामगिरीला वाईट म्हणत होती आणि तिचा शेवट पुढच्या पिढीच्या नावे लिहून ठेवत होती. जमीन, नाव आणि कर्ज यांच्यासारखीच ही चालढकलही वारसाहक्काने पुढे जात होती. रँडॉल्फच्या वडिलांनी गव्हर्नर असताना, १८२०च्या डिसेंबरमध्ये, दरवर्षी राज्याच्या पैशाने काही गुलाम सांतो दोमिंगो बेटावर पाठवावेत असे विधिमंडळाला सुचवले होते. कुणी दखल घेतली नाही. आता तिसऱ्या पिढीची पाळी होती.

११ जानेवारी १८३२. मेक्लनबर्ग परगण्याच्या विल्यम गूड याने ठराव आणला: गुलामगिरीविषयीच्या अर्जांचा विचार समितीने थांबवावा. चर्चेनेच बंडाला खतपाणी मिळते, असे त्याचे म्हणणे. त्या ठरावाच्या जागी रँडॉल्फने आपला ठराव ठेवला. गुलामगिरी संपवण्याची एक योजना राज्याच्या मतदारांपुढे ठेवावी. ४ जुलै १८४० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले गुलाम स्त्रीचे मूल, मुलगा असेल तर २१व्या वर्षी आणि मुलगी असेल तर १८व्या वर्षी, राज्याच्या मालकीचे होईल. राज्य त्यांना मजुरीवर देईल आणि त्यांच्या कमाईतून प्रवासखर्च जमला, की अमेरिकेच्या सीमेबाहेर पाठवील.

योजनेचा सांगाडा आजोबांचाच होता. कायद्यानंतर जन्मणाऱ्यांनाच मुक्त करायचे आणि मग देशाबाहेर न्यायचे, हे जेफरसन अर्धशतकापूर्वीपासून लिहीत आले होते. हिशेब करून पाहिला, की योजना किती सावध होती ते कळते. १८३२ साली जिवंत असलेल्या एकाही गुलामाला तिने काही मिळणार नव्हते. पहिली मुलगी १८५८ साली आणि पहिला मुलगा १८६१ साली राज्याच्या ताब्यात आला असता. तोही मालकाने तोवर त्याला व्हर्जिनियातच ठेवले तर. २०व्या वर्षी त्याला लुइझियाना किंवा मिसिसिपीत विकायला कसलीच मनाई नव्हती. ही फट नजरचुकीने राहिली नव्हती. मालकांचा विरोध बोथट व्हावा, त्यांना भरपाई द्यावी लागू नये, म्हणून ती मुद्दाम ठेवलेली होती. ज्यांना मुक्त करायचे त्यांनी आपल्या हद्दपारीचे भाडे स्वतःच कमवायचे, हेही कुणाला खटकले नाही.

तरीही सभागृह हादरले. त्यापुढचे दोन आठवडे जे घडले ते अमेरिकेच्या दक्षिणेत आधी घडले नव्हते आणि नंतरही घडले नाही. गुलाममालकांच्या राज्याचे विधिमंडळ दारे उघडी ठेवून गुलामगिरी संपवावी की नाही यावर बोलत होते आणि रिचमंडची वृत्तपत्रे ती भाषणे छापत होती. विधिमंडळाची इमारत ज्या टेकडीवर होती तिच्या खालीच शहरातला माणसांचा बाजार भरत असे.

बोलणाऱ्यांत पुन्हा घराण्यांची गर्दी होती. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचा मुलगा थॉमस मार्शल म्हणाला, की गुलामगिरी गोऱ्यांचा नाश करते म्हणून ती वाईट. मात्र रँडॉल्फची योजना त्याला मान्य नव्हती. डोंगरापलीकडच्या परगण्यांतले फॉकनर, मॅकडॉवेल, प्रेस्टन हे तरुण आमदार जास्त धीटपणे बोलले. त्यांच्याकडे गुलाम कमी होते, आणि शिवाय जुना राग होता. १८३०च्या घटनेने १३४ जागांपैकी ७८ पूर्वेला आणि ५६ पश्चिमेला दिल्या होत्या. पूर्वेचे मळेवाले आपल्यावर राज्य करतात ही त्यांची तक्रार या वादात मिसळली. विरोधकांकडे मालमत्तेच्या हक्काचे हत्यार होते. ब्रन्सविकचा जेम्स घोल्सन म्हणाला, की घोडीच्या शिंगरावर जसा घोडीच्या मालकाचा हक्क, तसाच दासीच्या पोटी येणाऱ्या मुलावर तिच्या मालकाचा. जन्माला न आलेले मूलही त्याच्या लेखी मालमत्ताच होते. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण घोल्सन निदान व्यवहार जसा होता तसा बोलत होता.

२१ जानेवारीला रँडॉल्फ दीर्घ बोलला. तो वक्ता म्हणून नावाजलेला नव्हता. पण या भाषणात दोन ठिकाणी तो आपल्या वर्गाच्या बाहेर पाऊल टाकतो. एक, व्हर्जिनियात गुलाम वाढवून बाहेर विकण्याचा धंदा बोकाळला आहे हे तो उघड बोलला. थोरांनी घडवलेले हे राज्य आता कत्तलखान्यासाठी बैल पाळावेत तशी बाजारासाठी माणसे पोसणारा कोंडवाडा होत आहे, असा त्याचा आरोप होता. सभागृहात बसलेल्या कित्येकांचे उत्पन्न त्यावर चालत होते. त्याच्या योजनेतली फट त्याच धंद्याला वाव देत होती, हे मात्र तो बोलला नाही.

दुसरे, त्याने भविष्य सांगितले. हे संघराज्य एक दिवस फुटेल. युद्ध होईल. उत्तरेकडून येणाऱ्या सैन्यात काळे शिपाई असतील, ते आपल्या गुलामांचीच भाषा बोलत असतील आणि त्यांच्या मुक्तीसाठी लढत असतील. त्या दिवशी तुम्ही काय कराल? १८६५च्या एप्रिलमध्ये रिचमंड पडले, तेव्हा शहरात शिरलेल्या पहिल्या पलटणींत काळ्या शिपायांच्या पलटणी होत्या. ३३ वर्षे आधी इतके नेमके पाहणाऱ्या माणसाची बुद्धी कमी नव्हती. पण त्याच्या शब्दांमागचे बळ भीतीचे आहे. ईडिथ फॉसेटला, पीटरला काय वाटत असेल, हा प्रश्न त्या दोन आठवड्यांच्या भाषणांत जवळजवळ नाही. टर्नरच्या कुऱ्हाडीने त्यांना बोलते केले होते आणि ती कुऱ्हाड पुन्हा उठू नये एवढीच त्यांची चिंता होती.

२५ जानेवारीला मतदान झाले. समितीचा अहवाल म्हणत होता, की या अधिवेशनात मुक्तीचा कायदा करणे उचित नाही. विल्यम बॅलर्ड प्रेस्टनने दुरुस्ती सुचवली, की उचित आहे. दुरुस्तीच्या बाजूने ५८, विरुद्ध ७३. नंतर आर्चिबाल्ड ब्राइस याची प्रस्तावना जोडली गेली. गुलामगिरी अनिष्ट आहे हे तिने मान्य केले, पण पुढचे पाऊल लोकमत अधिक पक्के झाल्यावर टाकायचे ठरवले. म्हणजे पुन्हा पुढच्या पिढीवर.

लोकमत पक्के झाले, पण उलट दिशेने. त्याच मार्चमध्ये काळ्या माणसांनी, मग ते गुलाम असोत की मुक्त, धर्मोपदेश करू नये असा कायदा झाला आणि मुक्त काळ्यांना शस्त्र बाळगण्यास बंदी आली. वादात जे मिळाले ते एवढेच. त्याच वर्षी विल्यम अँड मेरी कॉलेजातला प्राध्यापक थॉमस ड्यू याने या चर्चेचा समाचार घेणारे पुस्तक लिहिले. इतक्या लाख माणसांना समुद्रापार नेणे राज्याच्या खजिन्याला कदापि परवडणार नाही, हे त्याने आकड्यांनी दाखवले. हद्दपारीविना मुक्ती रँडॉल्फच्या बाजूलाही नको होती, त्यामुळे त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. मग गुलामगिरी ही अडचण नसून चांगली व्यवस्थाच आहे, असे म्हणणाऱ्यांना रान मोकळे मिळाले. रँडॉल्फच्या योजनेतले खरे दौर्बल्य मला इथे दिसते. काळी आणि गोरी माणसे एका राज्यात नागरिक म्हणून राहू शकतात हे मान्य न करता गुलामगिरी संपवायची, तर सगळा प्रश्न जहाजांच्या भाड्यावर येऊन अडतो.

पुढच्या निवडणुकीत या ठरावावरून गदारोळ झाला, तरी ऑल्बेमार्लच्या मतदारांनी रँडॉल्फला परत निवडून दिले. नंतरही तो अनेकदा विधानसभेत बसला. हा विषय मात्र त्याने तसा पुन्हा उचलला नाही. १८५०-५१च्या घटना परिषदेचा तो सदस्य होता. त्या परिषदेने केलेल्या घटनेत एक कलम होते: विधिमंडळाला कोणत्याही गुलामाला मुक्त करता येणार नाही. १८५७ ते १८६४ तो आजोबांनी स्थापलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचा रेक्टर होता. १८६१ साली, म्हणजे त्याच्या योजनेप्रमाणे पहिला मुलगा राज्याच्या ताब्यात आला असता त्या वर्षी, व्हर्जिनिया संघराज्यातून फुटून निघाले. फुटीचा ठराव मांडणारा होता विल्यम बॅलर्ड प्रेस्टन, तोच. रँडॉल्फचा धाकटा भाऊ जॉर्ज विथ रँडॉल्फ १८६२ साली दक्षिणेचा युद्धमंत्री झाला आणि त्याचे चित्र दक्षिणेच्या १०० डॉलरच्या नोटेवर छापले गेले. थॉमसनेही दक्षिणेचीच बाजू घेतली. डोंगरापलीकडचे बरेचसे परगणे १८६३ साली वेगळे होऊन वेस्ट व्हर्जिनिया झाले.

फुटीनंतरच्या यादवी युद्धाने एजहिल या त्याच्या मळ्याची धूळधाण केली. तरी सार्वजनिक मान उरला होता. १८७२ साली बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले, तेव्हा ७९ वर्षांच्या या म्हाताऱ्याला हंगामी अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर बसवले गेले.

पुढच्याच वर्षी ओहायोतल्या पाइक परगण्याच्या एका छोट्या वृत्तपत्राने मॉन्टिचेलोत जन्मलेल्या दोन माणसांच्या आठवणी छापल्या. एक मॅडिसन हेमिंग्ज, मृत्युपत्राने मुक्त झालेल्या पाचांतला. आपण आणि आपली भावंडे सॅली हेमिंग्जच्या पोटी जेफरसनपासून झालो, असे त्याने सांगितले. दुसरा इझ्रेल जेफरसन. जेफरसनच्या मालमत्तेच्या विक्रीतच तो थॉमस वॉकर गिल्मर या राजकारण्याला विकला गेला होता. पुढे त्याने स्वातंत्र्य मिळवले आणि ओहायोत गेल्यावर लिहायला-वाचायला शिकला. मॅडिसन सांगतो ते खरे आहे, असे त्याने ठामपणे म्हटले. १८६६ साली आपण एजहिलला जाऊन आल्याचेही त्याने सांगितले. एकेकाळचा ताठ रँडॉल्फ मुलानातवंडांच्या गोतावळ्यात, गरिबीत बसलेला त्याला दिसला होता.

ते वाचून रँडॉल्फ संतापला आणि इझ्रेलला खोटा ठरवणारे उत्तर त्याने लिहून काढले. हेमिंग्जची मुले जेफरसनच्या भाच्याची, पीटर कारची, असे तो पूर्वीच चरित्रकार हेन्री रँडल यांना सांगून चुकला होता आणि शंभराहून अधिक वर्षे बहुतेक इतिहासकारांनी त्याचाच शब्द प्रमाण मानला. ७ ऑक्टोबर १८७५ रोजी तो एजहिलला वारला. १९९८ साली मॅडिसनचा भाऊ एस्टन याच्या वंशजाची डीएनए चाचणी झाली. जुळणी जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी निघाली, कार घराण्याशी नाही.